वेलीला आवतण

दुधाच्या पातेल्यातली चकती खडखडली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेली दहा मिनिटं घरात कुणीच आवाज केलेला नाही. सहा वर्षांची मुलगी जागी असताना घर दहा मिनिटं शांत असेल, तर भिंत रंगलेली असते नाहीतर पिठाचा डबा उपडा झालेला असतो. मी समोरचे सुनावणीचे कागद बाजूला सारले, शेगडी बंद केली आणि वळून पाहिलं.

सानू ओट्याखाली मांडी घालून बसली होती. मांडीवर भाजीला आणलेला दुधी, त्याच्यापुढे तांदळाचे चार दाणे. अंगठ्याच्या नखानं ती दुधीवर ओरखडे काढत होती आणि कानात सांगावं तसं त्याला सांगत होती, "ऊठ गं सटवे. उद्या येते. तयारीत राहा."

"सानू! हे काय बोलणं?"

"आवतण आहे आई. चांगुणाआजी देते तसं. दुधी उद्या करायचाय ना? मग त्याला आज सांगायला नको?"

"आणि सटवी कोण?"

"तसंच म्हणायचं असतं." माझ्या अडाणीपणाची तिला कीव आली. "मी त्या वेलीला पण असंच म्हटलं होतं. पहिल्या पिवळ्या रिबनवाल्या. तू मला रिबन दिली नव्हतीस ना, म्हणून मी तिलाच सांगून आले, उद्या येते म्हणून. नखानं होईना, मग केसांतल्या पिनेनं केलं. तीनदा."

मी दूध पातेल्यातच राहू दिलं आणि खाली बसले. सुंभवेलीचे चाळीस नमुने घ्यायला आम्ही पेंढरवाडीला गेलो होतो, त्याला नऊ महिने झाले होते. संस्थेचं पाळणाघर बंद होतं म्हणून सानू बरोबर होती. पहिल्या दिवशी वेली हेरून त्यांना रिबनी बांधल्या, दुसऱ्या दिवशी साल काढली. लाल रिबनी तिसाव्या वेलीशी संपल्या. पुढच्या दहा पिवळ्या.

पहिली पिवळी म्हणजे एकतीस नंबर. आणि एकतीस नंबरचा नमुना मी स्वतःच्या हातानं रद्द केला होता.

*

आमच्या संस्थेच्या फाटकाशी एका बाजूला प्लॅस्टरचा धन्वंतरी आहे आणि दुसऱ्या बाजूला चेहरा ओळखणारा खांब. आत जाताना दोघांकडे पाहावं लागतं. दोघांनाही आत काय चालतं याच्याशी देणंघेणं नसतं. कँटीनमध्ये फुकट काढा असतो. तो कुणी पीत नाही. परदेशी पाहुणे आले की मात्र आम्ही सगळे तो हसत हसत पितो.

काम असं की रानातल्या वैदूंची औषधं तपासायची. कायदाच तसा झाला होता. भोंदूगिरीनं माणसं मरतात, म्हणून प्रत्येक वैदूचं प्रत्येक औषध तपासून राष्ट्रीय नोंदवहीत चढवायचं. 'सक्रिय' ठरलं तर वैदूला कार्ड मिळतं. औषध द्यायची मुभा मिळते आणि पुढे त्यातून कुणी गोळी बनवली तर तिच्यात वैदूचा वाटा राहतो आणि त्याला विचारावंही लागतं. 'निष्क्रिय' ठरलं तर कार्ड रद्द, औषध देणं गुन्हा. कायद्याचा हेतू चांगला होता. हेतू चांगला असला की पुढचं तपासायला कुणी जात नाही.

तपासणारं यंत्र म्हणजे आमचं 'नाक'. खरं नाव लांबलचक आहे, पण सगळे त्याला नाकच म्हणतात. चिमूटभर साल किंवा पान त्याच्या बशीत ठेवायचं. ते हळूहळू तापवतं, निघणारी वाफ हुंगतं आणि त्या वाफेत कोणते रेणू आहेत, किती आहेत, हे मोजून सांगतं. पूर्वी ज्याला दोन वर्षं आणि पाच माणसं लागत, ते नाक चहा गार व्हायच्या आत करतं. ते खोटं बोलत नाही. बशीत ठेवलेल्या वस्तूपलीकडचं त्याला काही कळतही नाही. हा दोष आमच्या संस्थेतल्या बऱ्याच जणांत आहे, पण नाक निदान पगार घेत नाही.

पेंढरवाडीची चांगुणाबाई मेंगाळ तापावर सुंभवेलीच्या सालीचा काढा देई. ताप म्हणजे नवा तिजारा. पाच वर्षांपूर्वी डासांबरोबर डोंगर चढून वर आलेला. एक दिवस ताप, एक दिवस उतार, तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. जुन्या गोळ्यांना तो जुमानत नाही, आणि नव्या गोळ्यांची फक्त पोस्टरं वाडीवर पोचतात.

चांगुणाबाईच्या सालीचे चाळीस नमुने मी नाकात घातले. एकोणचाळीस शून्य निघाले. एकतीस नंबरला मात्र एक रेणू इतका चढला, की मोजपट्टी वर सरकवावी लागली. आमच्या नियमपुस्तकातला सातवा नियम सांगतो, की एखादा नमुना बाकीच्यांपासून फारच फटकून असेल तर तो दूषित समजून वगळावा. मी वगळला. पुन्हा तपासता आला असता, पण सव्वापाच वाजले होते, पाळणाघर साडेपाचला बंद होतं आणि उशीर झाला की तिथली बाई सानूला चपलांच्या रॅकपाशी उभी करते. मी शेरा लिहिला 'निष्क्रिय', सही केली आणि धावले.

चांगुणाबाईनं हरकत घेतली होती. वाडीच्या शाळेतल्या मास्तरांनी तिचा अर्ज लिहून दिला होता. येत्या गुरुवारी तालुक्याला सुनावणी होती आणि तिथे उभं राहून माझी सही खरी आहे एवढंच मला सांगायचं होतं.

दुधीचे ओरखडे हळूहळू तपकिरी होत होते.

मी लॅपटॉप उघडला आणि पेंढरवाडीचा मूळ फॉर्म काढला. त्यात 'विधी अथवा श्रद्धा, असल्यास' असा एक रकाना असतो. त्यात माझ्याच शब्दांत होतं: 'साल काढण्याच्या आदल्या दिवशी वेलीला तांदूळ वाहतात, तिच्याशी बोलतात, नखाने तीन ओरखडे काढतात. यास आवतण म्हणतात. वैज्ञानिक महत्त्व नाही.'

वैज्ञानिक महत्त्व नाही! डॉ. ईश्वरी साबळे, वनस्पतिरसायनात पीएचडी. घरी अबोलीची कुंडी जिला जगवता येत नाही, ती.

*

वनस्पतीला पळता येत नाही. तिला कुरतडणारा किडा आला तर तिनं करायचं काय? विष तयार करायचं. पण विष करायला खर्च येतो, म्हणून शहाणी झाडं ते भरून ठेवत नाहीत. जखम झाली की मगच चूल पेटवतात. आपल्याकडे पाहुणा अचानक टपकला तर चहा-पोह्यांवर भागवतात आणि आदल्या दिवशी निरोप आला तर पुरण शिजतं, तसंच हे. सालीला ओरखडा बसला की वेलीच्या अंगात एक निरोप फिरतो. त्या निरोपाच्या रेणूचं नाव जॅस्मोनेट. हे मी बी.एस्सी.ला शिकले होते, एम.एस्सी.ला शिकवलं होतं, आणि डोळ्यांदेखत एक बाई तेच करत असताना मी त्याला श्रद्धेच्या रकान्यात घातलं होतं.

संस्थेच्या मागच्या बागेत पाहुण्यांना दाखवायला सहा सुंभवेली लावल्यात. त्या रविवारी सकाळी सानू आणि मी तिथे गेलो. तीन वेलींना आवतण दिलं, तीन तशाच ठेवल्या. ओरखडे मी काढले. तांदूळ आणि शिव्या सानूकडे. मग ठरावीक वेळानं नखाएवढी साल काढून बाटलीत घालायची आणि बाटलीवर वेळ लिहायची. सानूनं प्रत्येक बाटलीवर वेळेबरोबर एक चेहरा काढला. न बोलावलेल्या वेलींचे चेहरे रुसलेले.

सहा तासांनी रेणू दिसू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी, बावीस तासांनी, तो एकतीस नंबरएवढा चढला. मंगळवारी सकाळी पुन्हा उतरला होता. रुसलेल्या बाटल्या शेवटपर्यंत शून्य.

म्हणजे आज आवतण द्यायचं आणि उद्याच यायचं. परवा नाही. चांगुणाबाई म्हणत होती तसंच.

मला आनंद झाला का? झाला. आधी आनंदच झाला, हे मला लपवायचं नाही. आलेख सुंदर होता.

*

आमचे संचालक डॉ. विराज कर्णिक. खादीचं जाकीट घालतात आणि 'आपला ठेवा' हा शब्द मिनिटाला दोनदा वापरतात. त्यांनी आलेख पाहिला आणि चक्क उठून उभे राहिले.

"ब्रिलियंट! ईश्वरी, नऊ महिने कुठे होतीस तू?"

"इथेच होते सर. चुकीची नोंद करत होते. गुरुवारी ती दुरुस्त करावी लागेल."

"चुकीची?" ते पुन्हा बसले. "चुकीची कशी? बाईंचा दावा काय? सुंभवेलीच्या सालीचा काढा. आपण साल तपासली. साल निष्क्रिय. ओरखड्याचा दावा त्यांनी केलाच नाही."

"त्यांनी सांगितलं होतं. मी फॉर्ममध्ये लिहिलंय."

"विधी म्हणून लिहिलंयस. विधी सगळ्या समाजाचा असतो, त्याच्यावर एका माणसाचा हक्क नसतो." त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला, माझंच वाक्य मला दिसावं म्हणून. "आणि पुढे, वैज्ञानिक महत्त्व नाही. काय नेमकं लिहितेस गं तू!"

मी आलेखाचा कागद माझ्याकडे ओढून घेतला.

"बघ, निष्क्रिय ते निष्क्रियच राहू दे. त्यानंतर आपण स्वतंत्रपणे एक प्रक्रिया शोधली. द्विस्तरीय प्रेरण, म्हणजे आधी ओरखडा, मग साल. पेटंटवर पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. बाजारात नाव काय द्यायचं सांगू? 'आवतण'! खोक्यावर तांदळाचे चार दाणे. लोकांना आपल्या ठेव्याचा अभिमान वाटला पाहिजे."

"आणि चांगुणाबाई?"

"त्यांना उद्घाटनाला बोलवू की. साडीचोळी करू."

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं, कारण त्यांनी आवाज मऊ केला. "भावनेच्या आहारी जाऊ नकोस. एक म्हातारी किती मडकी उकळणार? आपली गोळी देशभर जाईल. तुला मुलं वाचवायची आहेत की एका बाईचा मान?"

प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, म्हणूनच मला त्याची जास्त किळस आली. "गोळी कधी येईल सर?"

"तीन वर्षं. चार म्हण. चाचण्या, परवाने."

"आणि तोवर वाडीवर?"

"तोवर?" त्यांनी खरोखरच विचार केला. "तोवर लोकांनी मच्छरदाणी वापरावी."

*

प्रणवला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी फोन केला. तो नाशिकला असतो, एखाद्या शनिवारी घरी येतो. भला माणूस आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तू म्हणतेस ते शंभर टक्के बरोबर आहे," तो म्हणाला, "पण..."

"पण काय?"

"क्वार्टर संस्थेचं, सानूची शाळा संस्थेच्या आवारात. खोटं बोल असं मी म्हणत नाहीये. फक्त 'चूक झाली' असं म्हणायच्या ऐवजी 'पुनर्मूल्यांकनाची गरज आहे' असं म्हण ना. अर्थ तोच."

शब्द मला आवडला, हे सांगायला लाज वाटते. गादीसारखा शब्द होता. कुणीही वरून पडलं तरी लागणार नाही असा. भल्या माणसांच्या घरी असल्या गाद्या रचून ठेवलेल्या असतात.

"बघते," मी म्हटलं.

*

बुधवारी मी पेंढरवाडीला गेले. सानूला शेजाऱ्यांकडे ठेवलं. चांगुणाबाई अंगणात हिरडे निवडत बसली होती. मला पाहून तिनं सूप थांबवलं नाही.

"आलीस? नाक आणलंस का?"

"नाही मावशी. एकटीच आले. माझी चूक झाली, ते सांगायला आले."

"चूक? कागद चुकतो व्हय कधी?"

मी तिला सगळं सांगितलं. वेलीची जखम, निरोप, बावीस तास. शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं, आणि सांगतानाच कळत होतं की मी सानूशी बोलते तसल्या आवाजात बोलतेय. तिनं सगळं ऐकलं.

"बरं. वेलीला वरबाडलं का ती औषध करती. हे तुला कळलं."

"हो."

"मंग आम्ही काय तिची खाज काढत हुतो व्हय इतकी वरसं?"

शेजारच्या ओसरीवरून कुणीतरी फिसकन हसलं. मला मान वर करवेना.

"बिनआवतणाची साल जिभंवर ठिव," ती म्हणाली, "मातीवानी लागती. आवतणाची साल जीभ बधिर करती. आमच्यात पोरीला कळाया लागलं का आई तिच्या जिभंवर दोन्ही ठिवून दावती. तुमच्या नाकाला जीभ बसवली न्हाई का कुनी?"

"मग मावशी, त्या वेळी तुम्ही हे सांगितलं का नाही?"

सूप थांबलं.

"चाळीस वेली हायेत, मला येक दिस द्या, समद्यांस्नी सांगून येते. कोन बोललं हुतं हे?"

मला आठवलं. पहिल्या दिवशी रिबनी बांधून संध्याकाळ झाली होती आणि ती पदर खोचून निघालेलीच होती. आमच्या माणसांनी तिच्या दारातल्या एका वेलीपाशी तिचं आवतण कॅमेऱ्यात घेतलं होतं. ती वेल नमुन्यात नव्हती, माहितीपटात होती. आणि मी, पंगतीत वाढायला आलेल्याला हात आडवा करून नको म्हणतात ना, तशी हसून म्हणाले होते, "त्याची गरज नाही मावशी. उद्या दुपारी आम्हाला गाडी परत पाठवायचीय."

"पावसुळ्यात दोन पोरं गेली," तिनं हिरडे पुन्हा पाखडायला घेतले. "येक नांगऱ्याचा पोरगा. येक माझ्या भावाची नात. तिची आई हितं, तू बसलीस तितं, बसून हुती. म्या मडकं उपडं करून दावलं. कार्ड न्हाई, बाई. दिलं तर पोलीस मलाबी नेतील आन तुलाबी."

त्या सालीनं ती मुलं वाचली असती का? मला माहीत नाही. त्या रेणूचा माणसांवरचा एकही आकडा जगात कुणाकडे नाही. काढा आहे म्हणून पुरावा न मागणाऱ्या लोकांचा मला राग येतो. चांगुणाबाईकडे येणारे सगळे बरे होत असंही नाही, आणि ती स्वतःच तापाच्या तीन पाळ्यांत उतार नाही पडला तर दवाखान्यात धाडत असे. पण ते कळायची एकमेव वाट होती, ती मी सव्वापाच वाजता बंद करून घरी गेले होते.

"उद्या काय बोलनार?" तिनं विचारलं.

"खरं बोलणार."

"बोल." तिनं सुपातला खडा उचलून लांब फेकला. "तू बोललीस का खरं व्हतं. म्या बोलले तर इधी."

*

गुरुवारी पाळणाघर पुन्हा बंद. सानूला घेऊनच तालुक्याला गेले. मागच्या बाकावर तिला रंगवायची वही देऊन बसवलं.

अधिकारी बाई वयस्कर होत्या, दमलेल्या होत्या आणि, आश्चर्य म्हणजे, त्यांनी कागद वाचलेले होते. एका बाजूला डॉ. कर्णिक, दुसऱ्या बाजूला चांगुणाबाई आणि मास्तर. शिवाय, कुणी न बोलावता, परंपरा गौरव मंचाचे एक गृहस्थ आले होते. उपरण्याचा काठ नीट करत ते उभे राहिले.

"मॅडम, यंत्राला जे कळत नाही ते मंत्राचं सामर्थ्य आहे. या माउली वेलीपुढे जो मंत्र म्हणतात..."

"कोणता मंत्र म्हणता हो बाई?" अधिकाऱ्यांनी चांगुणाबाईला विचारलं.

"मंतर कसला? 'ऊठ गं सटवे, उद्या येते' म्हनते."

सगळे हसले. गृहस्थ हसले नाहीत. "अपभ्रंश आहे," ते म्हणाले. "मूळ संस्कृत असणार." आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. नऊ महिन्यांपूर्वी मीही असंच काहीतरी लिहून घेतलं होतं, फक्त माझ्या अंगावर पांढरा कोट होता.

मग माझं नाव पुकारलं.

"डॉ. साबळे, अहवालावरची सही तुमची?"

"माझी."

"अहवाल बरोबर आहे?"

डॉ. कर्णिक माझ्याकडे पाहून किंचित हसले, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पडद्याआडून बाई हसतात तसे. प्रणवचा शब्द माझ्या जिभेच्या टोकाशी येऊन थांबला होता. नुसता सोडायचा होता.

"नाही," मी म्हटलं. "अहवाल चूक आहे. चाळीसपैकी एकतीस नंबरच्या नमुन्यात औषध सापडलं होतं, तो मी दूषित म्हणून वगळला. तो दूषित नव्हता. त्या वेलीला आदल्या दिवशी रीतीप्रमाणे आवतण दिलेलं होतं. माझ्या मुलीनं दिलं होतं. तेव्हा ती पाच वर्षांची होती. चांगुणाबाईंच्या पद्धतीनं घेतलेला तो एकच नमुना होता. बाकीचे एकोणचाळीस आमच्या पद्धतीनं घेतले, म्हणून ते रिकामे निघाले."

मग मी आलेख दिला, बाटल्यांच्या वेळा दिल्या.

"म्हणजे ही पद्धतीतली त्रुटी?" अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांनीही एक गादी पुढे केली. जगात गाद्या फार.

"नाही. माझी चूक. नोंदीत घ्या, बाईंनी एक दिवस मागितला होता, तो मी दिला नाही. त्यानंतर कार्ड नाही म्हणून त्यांनी औषध दिलं नाही आणि वाडीतली दोन मुलं तापानं गेली. या सालीनं ती वाचली असती असं मी सिद्ध करू शकत नाही. वाचली नसती असंही आता कुणी सिद्ध करू शकणार नाही."

डॉ. कर्णिकांनी जाकिटाची गुंडी काढली आणि पुन्हा लावली. एकदम म्हणाले, "डॉ. साबळे गेले काही दिवस तणावाखाली आहेत. लहान मूल आहे घरी."

"आहे," मी म्हटलं. "ती मागे बसलीय."

निकाल तासाभरात आला. 'निष्क्रिय' शेरा स्थगित. फेरतपासणी चांगुणाबाईंच्या देखरेखीखाली, त्यांच्या रीतीनं. आवतण ही औषधाच्या कृतीचाच भाग म्हणून त्यांच्या नावे नोंदवायची. कार्ड आजपासून परत. डॉ. ईश्वरी साबळे यांचा तपासणी परवाना चौकशी होईपर्यंत रद्द. क्वार्टर पंधरा दिवसांत सोडायचं, हा निरोप मला मोबाइलवर आला, दारातून बाहेर पडायच्याही आधी. आमच्या संस्थेत एवढं झटपट दुसरं काही होत नाही.

चांगुणाबाईनं कार्ड उलटसुलट पाहिलं, बटव्यात कोंबलं आणि माझ्यासमोरून निघाली. आभार मानले नाहीत. मानले असते तर मला कुठे तोंड लपवावं कळलं नसतं. सानूपाशी मात्र ती थांबली.

"तूच व्हय गं ती? कोनत्या हातानं दिलंस आवतण?"

सानूनं उजवा हात पुढे केला. चांगुणाबाईनं तो हातात घेतला, अंगठ्याचं नख निरखलं.

"नख वाढीव जरा," ती म्हणाली, आणि मास्तरांना पुढे ढकलत घाईनं पायऱ्या उतरली. "चला मास्तर, गाडी गाठा. आज सांगितलं तर उद्या साल निघंल."

आम्ही दोघी कचेरीच्या पायरीवर बसलो. मी डब्यातली पोळीभाजी काढली. मला एकदम भूक लागली होती. सानूनं घास घेतला नाही. तिची रंगवायची वही तशीच कोरी होती. तासाभरात तिनं एकही रंग काढला नव्हता. ती मागे बसून ऐकत होती, सगळं.

"आई, ती दोन मुलं तापानं गेली ना?"

"हो राजा."

"आणि मी पिवळ्या रिबनवालीला सांगून आले होते, ते तुला आत्ता दुधीच्या दिवशी कळलं ना?"

"हो."

ती उजव्या हाताचा अंगठा मुठीत घालून बसली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं,

"आई, मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं का?"